दार पूर्ववत बिघडवून मिळावे

त्या भागात मिस्त्रींना सगळे 'शिवायमिस्त्री' म्हणत. पाठीमागे म्हणत आणि तोंडावरही म्हणत, आणि मिस्त्रींना त्यात स्वतःचा गौरव वाटे. गाडी ताब्यात देताना ते फडक्याला हात पुसत गिऱ्हाइकासमोर उभे राहत आणि सुरू करत, "ब्रेक केले. ऑइल बदललं. शिवाय..." या शिवायच्या पुढे काय येईल याचा नेम नसे. शिवाय तुमचा आरसा ढिला होता तो आवळला. शिवाय मागच्या सीटखाली काहीतरी खुळखुळत होतं, ते तुमच्या मुलाचं खेळणं निघालं, हे घ्या. शिवाय हॉर्न सर्दी झाल्यासारखा वाजत होता, तो मोकळा केला. या वरच्या कामाचे ते एक पैसा घेत नसत. बिघडलेली वस्तू समोर दिसली आणि ती तशीच सोडून दिली, तर त्या रात्री मिस्त्रींना झोप लागत नसे. हा काही परोपकार नव्हता. खाज होती.

आता खाज म्हटलं की कधीतरी ती दुसऱ्याच्या अंगाला लागणारच. पलीकडच्या गल्लीतल्या एका कारकुनाच्या गाडीचं चाक वळणावर किंचाळायचं. मिस्त्रींनी एकदा ते शिवायमध्ये गप्प केलं. कारकून खूश झाला. पण त्याची पोरं त्या किंचाळण्याच्या भरवशावर टीव्ही बघत असत. चाक ओरडलं की टीव्ही बंद आणि पुस्तकं उघडी, अशी त्यांची वर्षानुवर्षांची व्यवस्था. त्या संध्याकाळी बाप चोरपावलांनी आल्यासारखा दारात उभा राहिला आणि पोरं रंगेहाथ सापडली. पुढे ती मोठी झाली, कमावती झाली, त्यांनी स्वतःच्या गाड्या घेतल्या, पण मिस्त्रींच्या गॅरेजची पायरी काही चढली नाहीत. मिस्त्रींना याचं कारण शेवटपर्यंत कळलं नाही.

घरी मात्र उलटा प्रकार. नळ ठिबकत होता, घंटी वाजत नव्हती, कपाटाचं दार गुडघा लावल्याशिवाय मिटत नव्हतं. गॅरेजच्या टेबलाशी बसून बिलं बघणारी त्यांची बायको कधीकधी विचारी, "अहो, घराला चाकं लावून आणू का इकडे? म्हणजे तरी हात लावाल." मिस्त्री यावर नुसतं हुंकारत आणि कुणाच्या तरी गाडीखाली शिरत. गाडीखाली एक बरं असतं, तिथे बायको येत नाही.

अशा या मिस्त्रींच्या हातावर आयुष्यात कुणी बोट ठेवलं नव्हतं. उशीर झाला म्हणून लोक ओरडले होते, शिवायचं पुराण लांबलं म्हणून जांभया देऊन गेले होते, पण तुमचं काम चुकलं असं म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती. ती छाती केली हेडसरांनी.

हेडसर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. ताठ मान, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. त्यांची जुनी निळी गाडी मिस्त्रींकडे इतकी वर्षं येत होती की तिचा खोकला मिस्त्री कोपऱ्यावरून ओळखत. सर गाडी दाखवायला येत आणि बाकावर बसून चहा पीत, मिस्त्री त्यांच्याकडून जगाच्या बातम्या ऐकत, आणि दोघेही जगाविषयी नापसंती व्यक्त करत. दोघांची दोस्तीच म्हणा ना. फक्त तो शब्द दोघांनीही कधी काढला नव्हता, कारण दोघांनाही तो जरा हलका वाटला असता.

त्या खेपेला सरांनी ब्रेक बघायला सांगितले होते. मिस्त्रींनी ब्रेक बघितले. मग गाडी पुसताना त्यांच्या लक्षात आलं, की चालकाशेजारचं दार आतून उघडतच नाही. हँडल ओढलं की थोडं अडल्यासारखं होई, 'खट्ट' असा आवाज येई आणि दार जागच्या जागी. बाहेरून मात्र लोण्यासारखं उघडे. आतल्या हँडलपासून कुलपापर्यंत एक बारीक सळई जाते, तिचं टोक झिजलं होतं. मिस्त्रींना स्वतःचीच लाज वाटली. इतकी वर्षं गाडी आपल्या हाताखालून जाते आणि हे आपल्याला दिसलं नाही! दिसणार कसं? त्या बाजूला बसायच्या सरांच्या बायको, आणि गॅरेजमध्ये सर एकटेच यायचे. मिस्त्रींनी दाराचं आतलं पॅड काढलं, नवी सळई वाकवून बसवली, आणि दार आतून असं काही उघडू लागलं की ते स्वतःच पुन्हा पुन्हा आत बसून उघडून बघत राहिले.

"ब्रेक केले सर," ते गाडी देताना म्हणाले. "शिवाय वहिनींच्या बाजूचं दार आता आतून उघडतं."

सरांनी मिस्त्रींकडे असं पाहिलं, जसं आपण आपलं पाकीट मारणाऱ्या माणसाकडे बघतो. मग गाडी घेऊन निघून गेले.

आठवडा उलटायच्या आत ते परत आले. बाकावर बसले नाहीत.

"मिस्त्री, ते दार पहिल्यासारखं करून द्या."

"पुन्हा अडकतंय का?"

"नाही. उघडतंय."

"मग?"

"उघडतंय, हीच तक्रार आहे."

मिस्त्री हसले. सर हसले नाहीत. तेव्हा मिस्त्रींनी बायकोकडे पाहिलं, बायकोने बिलात डोकं घातलं.

"सर, मी त्याचे पैसे लावले नाहीत हो."

"पैशाचा प्रश्नच नाही. गाडी माझी, दार माझं, बिघाड माझा. तुम्हाला कुणी सांगितलं होतं हात लावायला?"

हे 'बिघाड माझा' मिस्त्रींच्या फार जिव्हारी लागलं. तेही इरेला पेटले. "सर, या हाताने आजवर चांगली वस्तू बिघडवलेली नाही आणि बिघडवणारही नाही. गाडी दुसऱ्या कुणाकडे न्या. बिघडवून देणारे बाहेर खूप आहेत."

"दुसऱ्याकडे का नेऊ? केलंय तुम्ही, निस्तरायचंही तुम्हीच," असं म्हणून सर गेले, आणि शिस्तीचा माणूस जिथे जातो तिथे, म्हणजे ग्राहक मंचात, पोचले.

टपालाने नोटीस आली तेव्हा मिस्त्रींनी ती मुळीच उघडली नाही. सरळ भाचीकडे नेली. भाची वकील. तिचं ऑफिस म्हणजे एका छापखान्याच्या वरची खोली. खाली यंत्र सुरू झालं की तिच्या टेबलावरचा चहाचा कप आपोआप सरकत सरकत कडेला येई आणि ती बोलता बोलता त्याला मागे ढकली. तिने नोटीस वाचायला घेतली, अर्ध्यावर थांबली, पुन्हा पहिल्यापासून वाचली आणि मग टेबल धरून हसू लागली. कप पडला तरी तिचं हसू थांबेना.

"मामा, अरे यात लिहिलंय, 'सदर दार पूर्ववत बिघडवून मिळावे.'"

"हसू नकोस. मला जिंकून दे."

"जिंकल्यातच जमा आहे रे! त्यांचं नुकसान काय झालं ते त्यांना सांगता आलं पाहिजे ना? दार उघडायला लागलं, हे काय नुकसान आहे?"

"मला नुसतं जिंकायचं नाही," मिस्त्री म्हणाले. "मिस्त्रीने केलं ते बरोबर केलं, असं त्यांनी तोंडाने म्हटलं पाहिजे. हरलो तर उद्यापासून स्क्रू पिळायच्या आधी गिऱ्हाइकाची परवानगी मागत फिरावं लागेल मला. त्यापेक्षा शटर ओढून घरी बसेन."

"घरी बसलास तर मामी तुझ्याकडून नळ दुरुस्त करून घेईल," भाची म्हणाली. मिस्त्रींना तो विनोद आवडला नाही.

त्यानंतर सर गॅरेजवर येईनासे झाले. त्यांचा बाक रिकामा राहू लागला. त्यावर कुणी गिऱ्हाईक बसलं की मिस्त्री उगाचच त्याच्यावर खेकसत. जगाच्या बातम्या कळायच्या बंद झाल्या होत्या, आणि चहा एकट्याने पिताना गोड लागत नव्हता. पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. बायकोने विचारलं तेव्हा, चहात साखर कमी आहे, एवढंच म्हणाले.

सुनावणीच्या दिवशी मंचाची खोली भरलेली होती. पंखे होते आणि फिरतही होते, पण वारा कुठेतरी दुसरीकडे जात असावा. एक बाई मिक्सरचं झाकण मांडीवर घेऊन बसली होती. एक गृहस्थ नव्या बुटांचा एकच बूट घेऊन आले होते आणि जो भेटेल त्याला त्याचा तळवा दाखवत होते. हेडसर पहिल्या बाकावर, ताठ. त्यांच्या बायको, म्हणजे मिस्त्रींच्या वहिनी, शेवटच्या बाकावर, मांडीवर पर्स आणि पर्सवर हात. नवराबायकोंच्या मधे अख्खी खोली होती. मिस्त्रींनी ते पाहिलं, पण त्यांचं लक्ष खिडकीच्या करकरणाऱ्या बिजागरीकडे जास्त होतं. भाचीने त्यांचा हात दाबून धरला. "मामा, ती सरकारी खिडकी आहे. बस खाली."

अध्यक्षबाईंनी चष्मा लावून तक्रार वाचली, चष्मा काढून सरांकडे पाहिलं.

"तुमचं म्हणणं असं, की दार उघडतं?"

"होय."

"आणि ते उघडायला नको?"

"आतून नको. बाहेरून हरकत नाही."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. सरांनी वळून असं पाहिलं की बूटवाल्या गृहस्थांनी बूट पाठीमागे लपवला.

सर बोलायला लागले ते वर्गात बोलावं तसं. मालकाच्या संमतीवाचून त्याच्या वस्तूत बदल करणं चूक आहे, मग तो बदल चांगला असो की वाईट. उद्या कुणी आपल्याला न विचारता आपले केस कापले तर चालेल का? मुद्दा बिनतोड होता. अध्यक्षबाईंचीही मान हलली. मिस्त्रींनी भाचीला कोपराने ढोसलं.

मग भाची उठली. "सर, तत्त्व समजलं. नुकसान काय झालं तेवढं सांगा."

सर समोरच्या भिंतीकडे बघू लागले.

"शारीरिक? मानसिक?"

सरांनी खिशाचं पेन काढलं, टोपण उघडलं, पुन्हा लावलं. "ते मी सांगू इच्छित नाही," ते म्हणाले. आयुष्यभर पोरांना सविस्तर उत्तरे लिहा म्हणून सांगणारा माणूस, आणि स्वतःचं उत्तर असं अर्ध्यावर. मिस्त्रींना आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण थोडा कमीच.

भाचीला आता चेव चढला होता. तिने वहिनींना दोन प्रश्न विचारायची परवानगी मागितली. वहिनी पर्स घेऊन पुढे आल्या.

"बाई, दार आतून उघडत नव्हतं तेव्हा तुम्हाला किती त्रास होत असेल!"

"नाही," वहिनी म्हणाल्या.

"म्हणजे, गाडी थांबली की दर वेळी सरांनी उतरून, पलीकडून वळसा घालून तुमचं दार उघडायचं?"

"हो."

"पाऊस असला तरी?"

"छत्री न्यायचे."

"अहो, पण काच खाली करून, हात बाहेर काढून, बाहेरचं हँडल ओढता आलं असतं की तुम्हाला!"

वहिनींनी पर्स नीट धरली. "सुचलं नाही," त्या म्हणाल्या.

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "इतक्या वर्षांत?"

"मला यंत्रातलं काही कळत नाही हो," वहिनींनी शांतपणे सांगितलं आणि त्या जागेवर जाऊन बसल्या.

इथे मिस्त्री चमकले. कारण ही बाई धादांत खोटं बोलत होती. शिवणाचं मशीन अडलं की ते उघडून, तेल घालून, पुन्हा जोडणारी ही बाई. मागे एकदा त्यांनी सरांच्या हाती मिस्त्रींकडून बारीक स्क्रूड्रायव्हर मागवून नेला होता, तो परत करताना त्याची ढिली मूठसुद्धा घट्ट बसवून पाठवली होती. शिवायचा असा जवाब मिस्त्रींना उभ्या जन्मात कुणी दिला नव्हता. आणि तिला काच खाली करायचं सुचलं नाही? मिस्त्रींच्या डोक्यात काहीतरी खुळखुळू लागलं, आणि खुळखुळणारी वस्तू सापडेपर्यंत त्यांना चैन पडत नसे.

निकाल जेवणानंतर द्यायचा ठरला. "खिशात आहे, मामा," असं म्हणून भाची डबा आणायला गेली. मिस्त्री व्हरांड्यात उभे राहिले. खाली आवारात निळी गाडी उभी होती आणि तिच्यात सर आणि वहिनी आपापला डबा आपापल्या मांडीवर घेऊन खात होते. बोलत नव्हते. वहिनींचं खाऊन झालं. त्यांनी डबा पिशवीत ठेवला. तेवढ्यात सर घाईघाईने आपल्या बाजूने उतरले आणि गाडीच्या तोंडाला वळसा घालू लागले. पण अर्ध्या वाटेवर असतानाच 'खट्' करून पलीकडचं दार उघडलं. आतून. वहिनी उतरल्या आणि हात धुवायला नळाकडे गेल्या. सर गाडीसमोर तसेच उभे राहिले. पुढे जाऊन करायचं काय आणि मागे फिरायचं कसं? शेवटी त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि दिवा पुसायला सुरुवात केली. दिवा स्वच्छ होता. सर तो रोज सकाळी पुसत.

मिस्त्री जिना उतरून खाली गेले.

"सर," ते हलक्या आवाजात म्हणाले, "अबोला कधीपासून आहे?"

प्रतिवादीशी बोलावं की नाही, असा सरांना प्रश्न पडलेला दिसला. मग ते दिवा पुसत पुसतच बोलले. "तुम्ही दार केलंत ना, त्याच्या आदल्या दिवशीपासून."

"कशावरून?"

"पडद्यावरून. का रंगावरून. आता आठवतही नाही."

"मग मिटवायचं ना, सर."

"मिटायचं की! आपोआप मिटायचं," सरांचा आवाज चढला आणि त्यांनी नळाकडे बघून तो खाली आणला. "घरात कितीही वाजलं तरी बाहेर तर जावं लागतंच. गाडी थांबली की मी उतरायचो. उतरावंच लागायचं. ती आत अडकलेली. जाऊन दार उघडलं की ती हातातली पिशवी पुढे करायची आणि म्हणायची, 'हं, धरा.' मी धरायचो. संपलं. आमच्यात कधी कुणी कुणाची माफी मागितली नाही, मिस्त्री. वेळच आली नाही."

"मग आताही जा आणि उघडा दार! आधी पोचा म्हणजे झालं."

सरांनी मिस्त्रींकडे, गणित तिसऱ्यांदा चुकवणाऱ्या मुलाकडे बघावं तसं पाहिलं. "आता गेलो तर ती माघार झाली. तेव्हा नाइलाज होता."

मिस्त्रींना एकदम सगळं दार आतून दिसलं. झिजलेली सळई, अडणारं हँडल, 'खट्ट' असा आवाज, आणि दर वेळी वळसा घालून येणारा हा ताठ मानेचा माणूस. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या हाताची लाज वाटली. चालू गाडीचा भाग काढून आपण त्या जागी शोभेची वस्तू बसवली होती, आणि वर शिवाय म्हणून सांगितलंही होतं.

जेवणानंतर अध्यक्षबाई बसल्या. भाचीने घसा साफ केला. ती बोलणार तोच मिस्त्री उभे राहिले.

"बाई, चूक माझी आहे. मी न विचारता दार दुरुस्त केलं. मी ते बिघडवून द्यायला तयार आहे."

भाचीने त्यांचा शर्ट मागून ओढला. "मामा, खाली बस! आपण जिंकतोय!"

"कळतंय मला."

"तुला म्हणायचं होतं ना, की तू केलंस ते बरोबर?"

"ते बरोबर नव्हतं," मिस्त्री म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडत होतं, त्यामुळे ते जरा गंजलेलं निघालं.

अध्यक्षबाईंनी मिस्त्रींकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि मग बराच वेळ शेवटच्या बाकावर बसलेल्या वहिनींकडे पाहिलं. वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. अध्यक्षबाई स्वतःशीच किंचित हसल्या आणि टंकलेखकाला सांगू लागल्या, "सदर दार प्रतिवादीने स्वतः, स्वखर्चाने, पूर्ववत बिघडवून द्यावे."

टंकलेखक थांबला. "बाई, 'बिघडवून' लिहू?"

"लिहा. आणि पुढे लिहा, यापुढे प्रतिवादीने गिऱ्हाइकाच्या परवानगीशिवाय कोणतेही जादा काम करू नये."

मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले. परत जाताना भाची रिक्षात तोंड फिरवून बसली. उतरताना एवढंच म्हणाली, "पुन्हा केस जिंकायची नसेल तर आधी सांगत जा, म्हणजे मी अभ्यास करणार नाही."

दुसऱ्या दिवशी निळी गाडी गॅरेजवर आली. सर उतरले, वहिनीही उतरल्या, स्वतःच्या स्वतः. वहिनी टेबलाशी मिस्त्रींच्या बायकोजवळ जाऊन बसल्या आणि तिथलं शिळं वर्तमानपत्र उघडून त्यात गढून गेल्या. गाडीकडे त्यांची पाठ होती.

मिस्त्रींना वाटलं होतं, सळई काढली की काम झालं. पण सळई काढल्यावर हँडल मेल्यासारखं लोंबू लागलं. सरांनी मान हलवली. "असं नव्हतं. आधी अडायचं, मग 'खट्ट' व्हायचं."

"आवाज कशाला हवाय सर?"

"तो ऐकूनच मी उतरायचो."

मग मिस्त्रींच्या लक्षात आलं, की बिघाडाचंही एक माप असतं. त्यांनी भंगाराच्या डब्यातून जुनी झिजलेली सळई शोधून काढली. कानस घेऊन तिचं टोक आणखी थोडं घासलं. चांगल्या धातूला कानस लावायची आणि मुद्दाम कमी करायची, हे त्यांच्या हाताला पटेना. बोटं आपोआप टोक सरळ करायला जात आणि मिस्त्री त्यांना दटावत. मधे एकदा आवाज आला पण दारही उघडलं, तेव्हा सर अस्वस्थ झाले. मग पुन्हा घासणं, पुन्हा पॅड चढवणं. शेवटी मिस्त्री वहिनींच्या जागेवर जाऊन बसले, दार लावून घेतलं आणि हँडल ओढलं. थोडं अडलं. 'खट्ट.' दार ढिम्म.

"झालं!" ते आतून ओरडले आणि सवयीने उतरायला गेले. उतरता येईना. काच खाली करायची कळ हाताशी होती, चालकाच्या बाजूने सरकून निघता आलं असतं. पण तेवढ्यात त्यांना काचेतून दिसलं, की सर गाडीच्या तोंडाला वळसा घालून येतायत. मिस्त्री हात मांडीवर ठेवून बसून राहिले. सरांनी दार उघडलं आणि धरून उभे राहिले. मिस्त्री उतरले ते थोडे लाजतच. त्यांच्यासाठी आयुष्यात कुणी गाडीचं दार उघडलं नव्हतं.

"छान बिघडलंय," सर म्हणाले, आणि त्यांनी दार हलकेच लावलं.

वहिनींनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि त्या गाडीत येऊन बसल्या. सर बसले. गाडी निघाली तसा मिस्त्रींना तिचा मागचा एक दिवा बंद दिसला. ते दोन पावलं धावले, तोंड उघडलं, आणि आदेश आठवून जागीच थांबले. तोंड तसंच उघडं. बायको मागून म्हणाली, "मिटा आता. नाहीतर गुडघा लावावा लागेल."

निळी गाडी रस्ता ओलांडून, वळून, समोरच्या किराणा दुकानापाशी थांबली. वहिनींची बाजू गॅरेजकडे होती. ऊन कडक होतं. वहिनींनी काच पूर्ण खाली केलेली होती आणि त्यांचा हात बाहेर होता. मिस्त्रींनी डोळे बारीक करून पाहिलं. हात नुसता बाहेर नव्हता. बोटं बाहेरच्या हँडलवर टेकलेली होती. जरा ओढलं असतं तर दार उघडलं असतं.

त्यांनी ओढलं नाही. उलट दुसऱ्या हाताने आतलं हँडल ओढलं असावं, कारण रस्त्यापलीकडूनही मिस्त्रींना 'खट्ट' ऐकू आलं. सर उतरले. ताठ मानेने गाडीला वळसा घालून आले. ते पोचले तशी वहिनींनी हँडलवरची बोटं उचलून घेतली, त्यांच्यासाठी जागा केली. सरांनी दार उघडलं. वहिनींनी पिशवी पुढे केली. काय म्हणाल्या ते गॅरेजपर्यंत ऐकू आलं नाही, पण मिस्त्रींना ते ऐकू येण्याची गरज नव्हती.

सरांनी पिशवी दोन्ही हातांनी धरली. खरेदी अजून व्हायची होती, पिशवी रिकामीच होती.